प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तीचं स्टिमिंग: आधी ओळखा, मग समजून घ्या, काय करायचं ते शेवटी ठरवा

हात फडफडवणं, जागच्या जागी झुलणं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं, बोटावर बोट घासत राहणं. अशा पुनरावृत्तीच्या हालचालींना आणि आवाजांना स्टिमिंग म्हणतात. बहुतेक घरांत यावरचा क्रम उलटा चालतो. आधी ‘हात खाली घे’, ‘पाय हलवू नकोस, घरात लक्ष्मी टिकत नाही’, ‘लोक बघतायत’. ते जमलं नाही की दवाखाना. ती हालचाल होते कशासाठी, हा प्रश्न कुणी विचारलाच तर सगळ्यात शेवटी. तोवर माणूस पंचवीस-तीस वर्षांचा झालेला असतो आणि निम्मं स्टिमिंग लपवायला शिकलेला असतो.

हा लेख तिघांसाठी आहे: प्रौढ ऑटिस्टिक मुला-मुलीचे पालक किंवा भावंडं, जोडीदार, आणि ज्यांचं निदान मोठेपणी झालं ते स्वतः. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. तिसरा टप्पा वगळून कुणीही चौथ्यावर जाऊ नये. कारण तिथेच दिले आहे.

## टप्पा १: तयारी

परवानगी. ज्याची नोंद ठेवायची त्याला आधी सांगा. साधं वाक्य पुरतं: “दोन आठवडे मी लिहून ठेवणार आहे, तुला कशाने त्रास होतो आणि कशाने बरं वाटतं ते. वही तू कधीही बघू शकतोस.” समोरचा नाही म्हणाला तर नोंद ठेवायची नाही, विषय महिन्याभराने पुन्हा काढायचा. व्यक्ती बोलत नसेल तर नोंद जरूर ठेवा, पण ती पाहुण्यांसमोर वाचू नका आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नका. मोठ्या माणसाच्या शरीराची ती माहिती आहे.

वही. साधी रेघी वही किंवा फोनमधली नोट. सहा रकाने करा: वेळ, जागा, लगेच आधी काय घडलं, नेमकी हालचाल, किती वेळ चालली, थांबल्यावर काय झालं. सातवा रकाना ‘कारण’ असा करू नका. कारण आत्ताच लिहिलंत की पुढचे तेरा दिवस तुम्हाला तेच दिसत राहील.

पहिल्या पानावर आधारमाहिती: चालू असलेली सगळी औषधं, प्रत्येकाची सुरू केल्याची तारीख आणि डोस शेवटचा कधी बदलला, रोजची झोप, शौचाला रोज होतं का, पाळीच्या तारखा, दात शेवटचे कधी तपासले. निदानाचा जुना रिपोर्ट असेल तर तोही काढून ठेवा. रिपोर्ट २०१३ च्या आधीचा असेल तर त्यात आवाज, प्रकाश, स्पर्श यांच्या त्रासाबद्दल कदाचित काहीच नसेल. संवेदनांचा वेगळा निकष डीएसएम-५ मध्ये, म्हणजे निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमावलीत, त्या वर्षी आला. रिपोर्टात नाही म्हणजे त्रास नाही, असं समजू नका.

मुदत. १४ दिवस. त्यात किमान एक सुट्टी आणि एक गडबडीचा दिवस यायला हवा. पाळीशी संबंध वाटत असेल तर सलग दोन चक्रं.

> सावधान: या १४ दिवसांत कोणतीही हालचाल थांबवायची नाही, टोकायचं नाही, नवी थेरपी किंवा नवं खेळणं आणायचं नाही. अपवाद फक्त इजेचा. नोंद ठेवता ठेवता टोकत राहिलात तर वहीत उतरेल ते तुमच्या टोकण्यावरचं वागणं.

## टप्पा २: जे दिसतं तेच टिपणं

लहान मुलाचं स्टिमिंग अंगभर असतं, पटकन दिसतं. प्रौढाचं बऱ्याचदा आकसलेलं असतं, टेबलाखाली, बुटात, तोंडाच्या आत. त्यामुळे ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ असं सांगणाऱ्यांनी पुढच्या जागा जरूर बघाव्यात.

हात आणि बोटं: अंगठ्याने बाकीच्या बोटांची पेरं क्रमाने दाबणं, अंगठी फिरवणं, पेनाचं बटण, बांगड्या पुढे-मागे करणं, मंगळसूत्राचे मणी एका बाजूला सरकवणं, पदराचा किंवा ओढणीचा काठ बोटांत फिरवणं. बायकांमध्ये यातलं बरंचसं ‘बायकी सवय’ म्हणून सुटून जातं. त्यांच्या निदानाला उशीर होण्याचं हेही एक कारण आहे.

पाय आणि धड: गुडघा हलवणं, बुटात बोटं आवळणं, एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत राहणं, चवड्यांवर चालणं, खोलीत ठरावीक रेषेत येरझाऱ्या.

तोंड: गालाची आतली बाजू चावणं, दातांवर दात टेकवून ताल धरणं, कॉलर किंवा बाही चघळणं, बर्फ किंवा कुरकुरीत काहीतरी सतत खाणं.

आवाज: गुणगुणणं, घसा खाकरणं, मालिकेतला एखादा संवाद त्याच सुरात म्हणणं, एकच गाणं तासन्‌तास लावणं. डोळे: फिरता पंखा, पाण्यावरची उन्हाची चमक, ट्रेनच्या खिडकीतून मागे पळणारे खांब. नाक: कपड्यांचा, पुस्तकाचा, स्वतःच्या हाताचा वास घेणं.

आणि जे बाहेरून दिसतच नाही ते: गाड्यांच्या नंबरांची बेरीज, मनात चालणारा पाढा, शब्दांची अक्षरं मोजणं. हे फक्त ती व्यक्तीच सांगू शकते. म्हणून जोडीदाराने किंवा पालकांनी एकट्याने केलेली यादी पूर्ण आहे असं कधीच धरू नका.

आता नोंद कशी लिहायची ते बघा. ही नोंद निरुपयोगी आहे: “संध्याकाळी खूप अस्वस्थ होता, हात हलवत होता.”

आणि ही उपयोगाची: “सायं. ७.१०. स्वयंपाकघराच्या दारात उभा. कुकरची तिसरी शिट्टी. दोन्ही हात छातीजवळ, मनगटातून जलद फडफड, तोंडाने ‘म्म्म’, साधारण ४० सेकंद. डोळे घट्ट मिटलेले. गॅस बंद केल्यावर हात खाली आले. दोन मिनिटांनी पाणी मागितलं, जेवायला बसला.”

फरक कुठे आहे? दुसरीत ‘अस्वस्थ’ हा शब्दच नाही. शरीराचा कोणता भाग, कोणत्या दिशेने, किती वेगाने, आणि कशाने थांबलं एवढंच आहे. ‘हट्टीपणा’, ‘नाटक’, ‘कंटाळा’, ‘राग’ हे शब्द वहीत आले की ते खोडा आणि त्या क्षणी काय दिसत होतं ते लिहा. आनंदाच्या वेळचीही नोंद हवी. आवडतं माणूस दारात दिसल्यावरची फडफड आणि कुकरच्या शिट्टीनंतरची फडफड शेजारी शेजारी लिहिलेली नसेल तर दोन्ही सारख्याच वाटतात.

> तपासा: सातव्या दिवशी वही त्रयस्थ माणसाला द्या. ती वाचून त्याला हालचाल करून दाखवता आली पाहिजे. येत नसेल तर पुढचा आठवडा जास्त नेमकं लिहा.

## टप्पा ३: जे स्टिमिंग नाही ते वेगळं काढणं

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. ‘ऑटिझममुळे असेल’ म्हणून फिट दुर्लक्षित राहिलेली, दाढदुखी महिनोन्‌महिने कळलेली नसते, औषधाचा दुष्परिणाम ‘वाढलेली सवय’ समजून त्याच औषधाचा डोस वाढवून घेतलेला असतो. पुढच्या प्रत्येकाशी वही ताडून बघा.

टिक. टिक अचानक, झटकन येते आणि तिला ताल नसतो: डोळा मिचकावणं, खांदा उडवणं, घशातून आवाज. बऱ्याच जणांना आधी त्या जागी एक चमत्कारिक जाणीव होते आणि टिक झाल्यावर ती जाते. स्टिमिंगला बहुधा लय असते आणि ते अंगाला हवंहवंसं वाटतं. टिक सहसा हवीशी नसते. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

ओसीडीची (मनात घुसणाऱ्या विचारांमुळे तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणाऱ्या आजाराची) कृती. इथे मनात भीती असते: ‘तीनदा हात लावला नाही तर आईला काहीतरी होईल.’ कृती करताना सुख नसतं, तेवढ्यापुरती सुटका असते. बोलणाऱ्या व्यक्तीला विचारता येतं: “हे केलं नाही तर काही वाईट होईल असं वाटतं का?” उत्तर हो असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, कारण उपचार वेगळे आहेत.

फिट. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये एपिलेप्सीचं (अपस्माराचं) प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. टक लावून बघणं, ओठ चाटत राहणं, कपडे चिवडणं हे फिटमध्येही होतं. नावाने हाक मारा, मग डोळ्यांसमोर आवडीची वस्तू आणा, मग खांद्याला हलका स्पर्श करा. स्टिमिंगमध्ये रमलेली व्यक्ती हाकेला कदाचित उत्तर देणार नाही, पण या तीनपैकी कशाने तरी हालचालीत काही फरक पडतो. फिटमध्ये पडत नाही. प्रत्येक वेळी तंतोतंत तीच हालचाल, झोपेतही होणं, नंतर गोंधळ किंवा गाढ झोप, ही लक्षणं दिसली तर पुढच्या वेळी मिनिटभराचा व्हिडिओ घ्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. याच एका कामासाठी व्हिडिओ हवा. काम झाल्यावर तो पुसून टाका.

> सावधान: आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, एकामागून एक आली, किंवा पहिल्यांदाच आली तर १०८ ला फोन. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कुशीवर वळवायचं.

औषधांचा परिणाम. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अ‍ॅरिपिप्रॅझोल अशी मानसोपचारातली औषधं सुरू असतील तर दोन गोष्टी बघा. एक, बसताच येत नाही अशी आतली तगमग, सतत येरझाऱ्या. ही बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत येते. दोन, जीभ, ओठ, जबडा यांची चघळल्यासारखी हालचाल, जी दीर्घ वापरानंतर येते. म्हणून पहिल्या पानावरच्या तारखा हव्यात. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही अशी तगमग होते. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना तारखांसह दाखवा.

रात्रीचे पाय. फक्त संध्याकाळी आणि रात्री, पडल्यावरच पाय हलवावेसे वाटतात, चाललं की बरं वाटतं. हे रेस्टलेस लेग्ज असू शकतं. शरीरातलं लोह तपासून घ्या.

दुखणं. डोकं आपटणं, कान ठोकणं, जबड्यावर मारणं, पोटावर दाब देत पालथं पडणं हे नव्याने सुरू झालं किंवा अचानक वाढलं तर ते दुखणं आहे असंच धरून सुरुवात करा. क्रमाने बघा: दात, कान, घसा, छातीतली जळजळ, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ, पाळीचं दुखणं, पायाची नखं, चावणारा बूट. दुखणाऱ्या जागी हात ठेवून सांगणं अनेक ऑटिस्टिक प्रौढांना जमत नाही. चेहऱ्यावर वेदना दिसेलच असंही नाही. वर्तन-थेरपी या तपासणीच्या नंतर, आधी नाही.

गोठणं. हालचाली मंदावणं, दारात अडकून उभं राहणं, घास हातात धरून थांबणं, बोलणं आणि खाणं कमी होणं, प्रत्येक गोष्टीला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागणं. हे काही आठवड्यांत वाढत गेलं असेल तर कॅटाटोनिया असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना हा शब्द वापरूनच विचारा आणि थांबू नका. यावर उपचार आहेत. खाणंपिणं सुटलं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

यातल्या कशालाही ‘बाहेरचं’ समजून भगताकडे जाण्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

## टप्पा ४: ती हालचाल काय काम करते

उरलेल्यांपैकी सगळ्यात जास्त वेळा दिसलेल्या तीन हालचाली निवडा. सगळ्या एकदम नको.

काम साधारण पुढच्यांपैकी असतं. आलेला मारा सोसणं: आवाज, उजेड, गर्दी, वास जास्त झाले की शरीर स्वतः एक ठरलेली, अंदाजातली संवेदना तयार करतं आणि बाकीचं मागे ढकलतं. कमी पडणारं मिळवणं: काहींना शरीराची जागा, स्नायूंचा ताण नीट जाणवत नाही. ते उड्या, दाब, जोराची हालचाल शोधतात. भावना वाहून नेणं: आनंद, भीती, उत्सुकता, संताप. विचार धरून ठेवणं: फोनवर बोलताना येरझाऱ्या, अभ्यास करताना झुलणं. ती बंद केली की लक्ष जातं. फक्त छान वाटणं: यालाही वेगळं कारण लागत नाही.

एकाच हालचालीची दोन कामं असू शकतात. म्हणून ‘झुलणं म्हणजे ताण’ अशी कोष्टकं वापरू नका. वहीतला ‘लगेच आधी’ आणि ‘थांबल्यावर’ हे दोन रकाने एकत्र वाचा. वेग, जोर, चेहरा आणि आवाजाची पट्टी बघा. बऱ्याच घरांत अनुभवी आईला फडफडीच्या नुसत्या वेगावरून पुढच्या दहा मिनिटांत काय होणार ते कळतं. तिचं ते ज्ञान कागदावर आलं पाहिजे, म्हणजे ती घरी नसताना भाऊ-वहिनीलाही ते वापरता येईल.

विचारायचं कसं. हालचाल चालू असताना नाही. नंतर, शांत वेळी. ‘का करतोस?’ हा प्रश्न टाळा. त्यात आरोप ऐकू येतो, आणि खरं कारण अनेकांना शब्दांत माहीत नसतं. भावनांची नावं सापडत नसतील तर शरीराबद्दल विचारा: “छाती घट्ट वाटत होती की मोकळी?” “आवाज मोठा होता की खूप आवाज एकदम होते?” दोन पर्याय द्या, आणि ‘दोन्ही नाही’ हा तिसरा. अनेकांना समोरासमोर उत्तर जमत नाही पण व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या तासाने नेमकं उत्तर येतं. तेवढा वेळ द्या.

> तपासा: तिन्ही हालचालींसाठी हे वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे: “ही बहुतेक ___ नंतर येते आणि झाल्यावर ___ होतं.” रिकामी जागा ‘माहीत नाही’ने भरली तरी चालेल. अंदाज ठोकून भरू नका.

## टप्पा ५: अंदाज पडताळणं

अंदाज खरा की खोटा, ते परिसर बदलून बघायचं, हालचाल रोखून नाही. एका वेळी एकच बदल, चार-पाच दिवस.

कुकरचा संशय असेल तर ती व्यक्ती फिरायला गेलेली असताना कुकर लावा. जुनी लुकलुकणारी ट्यूब असेल तर ती बदला. ऑफिसातल्या मीटिंगचा संशय असेल तर विषयांची यादी आदल्या दिवशी मिळते का बघा. त्या काळात हालचालीची संख्या किंवा जोर कमी झाला तर अंदाजाला बळ मिळालं. फरक पडला नाही तर बदल मागे घ्या आणि पुढचा करून बघा. तीन बदल एकदम केले तर बरं वाटेलही, पण कशाने ते कधीच कळणार नाही.

इअरप्लगचा प्रयोग हमखास फसतो, तो दोन कारणांनी. फोमचा प्लग नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला जातो. तो बोटांत फिरवून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून २०-३० सेकंद बोटाने धरायचा, म्हणजे तो आत फुगतो. दुसरं, प्लग घातल्यावर स्वतःचं गुणगुणणं आणि चावणं आतून मोठं ऐकू येतं. ज्यांना ते असह्य होतं त्यांच्यासाठी कानावर बसणारे इअरमफ बरे. विसर्जनाच्या ढोल-ताशांसाठी आणायचे असतील तर आदल्या आठवड्यात घरी रोज दहा मिनिटं घालून सवय करा. मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा घातले तर तो स्पर्शच नवा त्रास ठरतो.

## स्वतःचंच स्टिमिंग शोधताना

मोठेपणी निदान झालेल्यांनी वरचे टप्पे स्वतःवर लावताना एक अडचण येते. शाळेपासून सगळं दाबलेलं असतं, त्यामुळे ‘मी तर काहीच करत नाही’ असं प्रामाणिकपणे वाटतं. तेव्हा हालचाल शोधण्याऐवजी दाबण्याच्या खुणा शोधा: आवळलेला जबडा, ताठ खांदे, हातांवर बसण्याची सवय, खिशातली मूठ, दिवसातून अनेकदा बाथरूममध्ये जाऊन उभं राहणं. ऑफिसात दिवसभर ठीक आणि घरचं दार लावल्यावर तासभर बोलताही न येणं ही त्यातली मोठी खूण.

रोज संध्याकाळी १५ मिनिटं, दार बंद, कुणी येणार नाही अशी वेळ. आवडतं एकच गाणं लावा आणि शरीराला जे करावंसं वाटेल ते करू द्या. पहिले काही दिवस काहीच होत नाही किंवा खूप संकोच वाटतो. लहानपणी कशावरून ओरडा खाल्ला होता ते आठवून बघा. बहुतेकदा पहिली हालचाल तीच परत येते.

## टप्पा ६: काय ठेवायचं, काय बदलायचं

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ ऑटिस्टिक प्रौढांशी स्टिमिंगबद्दल बोलणं झालं होतं. त्यांच्या मते स्टिमिंग त्यांना सावरतं, आणि ते बंद पाडणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. निर्णय इथून सुरू करा: वेगळं कारण नसेल तर हालचाल राहते.

बदलाची कारणं तीनच. स्वतःला इजा होते. दुसऱ्याला इजा होते. किंवा त्या व्यक्तीला स्वतःला बदल हवा आहे. ‘विचित्र दिसतं’ हे चौथं कारण नाही. एखाद्याला मुलाखतीत हात फडफडवायचे नसतील तर तो त्याचा निर्णय, त्याच्या वतीने तो तुम्ही घेऊ नका.

गुप्तांगाला हात लावणं हा प्रश्न अनेक पालक विचारायला कचरतात. आधी खाज, बुरशी, घट्ट कपडे बघा, पावसाळ्यात तर नक्कीच. तसं काही नसेल तर प्रौढ शरीराची ती स्वाभाविक गोष्ट आहे. शिक्षा नाही, आरडाओरडा नाही, नियम फक्त जागेचा: स्वतःची खोली, दार बंद. शांतपणे, दर वेळी त्याच शब्दांत सांगा. आणि खोलीचं दार बंद असताना घरच्यांनीही टकटक करूनच आत जावं, नाहीतर नियमाला अर्थ उरत नाही.

पर्याय द्यायचा असेल तर तीन गोष्टी जुळायला हव्यात: तीच संवेदना, तेवढाच जोर, हाताशी असणं. मनगट चावणाऱ्याला मऊ स्ट्रेस बॉल दिला तर तो फेकला जातो. त्याला जबड्यावर दाब हवा असतो, तळहातावर नाही.

चावण्यासाठी: फूड-ग्रेड सिलिकॉनची, पुरेशी कडक, चघळायची वस्तू. रोज बघा, भेग पडली की फेका. गळ्यातली असेल तर ओढल्यावर सुटणारी कडी हवी, आणि झोपताना काढायची. त्वचा खरवडण्यासाठी: नखं बारीक, जखमेवर पट्टी, आणि बोटांना खरखरीत काहीतरी. वेल्क्रोची खरखरीत बाजू टेबलाखाली चिकटवा, मीटिंगमध्ये आवाज होत नाही. जोराच्या दाबासाठी: जाड गोधडी घट्ट लपेटून बसणं, तोंड उघडं, आणि ती स्वतः कधीही काढता आली पाहिजे. दुसऱ्याने जबरदस्तीने कधीही गुंडाळायची नाही.

डोकं आपटताना हात धरून ठेवू नका, झटापटीत जोर वाढतो. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी घाला, आवाज-उजेड कमी करा, बोलणं बंद करा. नंतर उलटी, वाढती गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं यातलं काहीही आढळलं तर लगेच रुग्णालय.

> सावधान: पर्याय शांत वेळी शिकवावा लागतो. ताण टोकाला गेल्यावर नवी वस्तू हातात दिली तर ती फेकलीच जाणार. पहिली चाहूल (वेग वाढणं, आवाज चढणं) दिसताच ती वस्तू न बोलता जवळ ठेवा.

संवेदनांच्या कामासाठी प्रौढांसोबत काम केलेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधा आणि पहिल्याच भेटीत विचारा: “हालचाल बंद करणं हे तुमचं उद्दिष्ट आहे का?” उत्तर सरळ हो असेल तर दुसरा शोधा. कधीही मनावरचा ताण फार वाढला, व्यक्तीचा किंवा सांभाळणाऱ्याचा, तर टेली-मानस १४४१६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

## टप्पा ७: आजूबाजूच्यांना सांगणं

कुणाला किती सांगायचं ते आधी त्या व्यक्तीला विचारा. निदानाचं नाव न घेताही काम भागतं. लग्नघरात दोन वाक्यं बास: “मामी, आवाज जास्त झाला की ती अशी झुलते, त्याने तिला बरं वाटतं. तिला काही म्हणू नका, मागची खोली तेवढी मोकळी ठेवा.” माफी मागण्याचा सूर नको. तो ऐकणारी व्यक्ती शेजारीच उभी असते.

ऑफिसात तोंडी विनंतीपेक्षा लेखी बरी. काय हवं ते नेमकं लिहा: भिंतीकडची जागा, हेडफोनची परवानगी, लांब मीटिंगमध्ये उभं राहण्याची मुभा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि वाजवी सोयीसुविधा ही त्या कायद्यातलीच संकल्पना आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायचं असेल तर प्रमाणपत्रासाठी आयसा ही ४० मुद्द्यांची भारतीय श्रेणी वापरतात. त्यात पुनरावृत्तीच्या हालचालींबद्दलही विचारतात. तिथे जाताना ‘आज शांत बस’ असं सांगून नेऊ नका, आणि ही वही सोबत न्या. अर्ध्या तासाच्या भेटीत जे दिसणार नाही ते तिच्यात आहे.

## पुन्हा नोंद कधी

औषध बदललं, घर बदललं, नोकरी लागली किंवा सुटली, घरात मृत्यू झाला, की दोन आठवड्यांची नोंद पुन्हा ठेवा. यातलं काही घडलं नसताना नवी हालचाल सुरू झाली किंवा जुनी अचानक बंद पडली, तर थेट तिसऱ्या टप्प्याकडे जा आणि सुरुवात दातांपासून करा.